शांत बसलेल्या पेशंटकडे आधी बघ: ट्रायजला पहिल्यांदा बसणाऱ्या नर्सला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉर्डात दोन वर्षं काढून तू इमर्जन्सीत आलीस आणि पुढच्या महिन्यापासून तुला ट्रायजला, म्हणजे आलेल्या पेशंटांत आधी कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या टेबलावर, बसायचंय. परवा संध्याकाळी पाच मिनिटांत सहा पेशंट आले आणि तू गोंधळलीस. डोकं फुटून रक्ताने माखलेला, ओरडणारा तरुण. छातीत जळजळ होतेय म्हणणारी पन्नाशीची मधुमेही बाई. दम्याचा नऊ वर्षांचा मुलगा, ज्याचे वडील सांगत होते की "मघाशी फार धाप लागली होती, आता शांत झालाय." अंग तापलेलं अठरा दिवसांचं बाळ. पाय मुरगळलेली मुलगी. आणि 'जरा गरगरतंय' म्हणणारे एक आजोबा. तू तरुणाला आधी घेतलंस, कारण रक्त दिसत होतं आणि त्याच्यासोबतचे चौघे टेबलावर हात आपटत होते. कुणाचं वाईट झालं नाही, पण तुला रात्री झोप लागली नाही. तुला विचारायचंय की आधी कुणाला घ्यायचं, ते ठरवायचं मी की डॉक्टरांनी, आणि असल्या गर्दीत मी स्वतःला कसं सांभाळू?

मी बावीस वर्षं इमर्जन्सीत काढली आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त ट्रायजच्या टेबलावर. वयाने मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते.

त्या सहा जणांत सगळ्यात आधी उचलायला हवा होता तो 'शांत झालेला' मुलगा. दम्याच्या झटक्यात छाती सुईसुई वाजते, कारण अरुंद नळ्यांतून हवा अजून जात असते. नळ्या फारच आवळल्या किंवा मूल दमून गेलं की हवा जाणंच कमी होतं आणि आवाजही बंद पडतो. त्याला आम्ही सायलेंट चेस्ट म्हणतो. बाप म्हणतो 'आता बरा आहे', आणि मूल श्वास थांबण्याच्या अगदी जवळ असतं. त्या मुलाचा शर्ट वर करून बघायला दहा सेकंद लागतात. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जातेय का, मान ताठ करून बसलाय का, एका दमात पूर्ण वाक्य बोलतो का, की दोन शब्दांवर थांबतो, आणि डोळ्यांत तरतरी आहे का, एवढंच बघायचं. तुझ्याकडे आलेला तो मुलगा खरोखरच सुधारला होता, हे त्याचं आणि तुझं नशीब. पण ते तू पाहून ठरवलेलं नव्हतं, आणि म्हणूनच तुझी झोप उडाली.

ट्रायजला बसलेल्या नर्सचं काम आजार ओळखणं नाही. ते डॉक्टर करतील, तपासण्या करतील. तुझ्यापुढे प्रश्न एकच असतो, की हा माणूस थांबू शकतो का, आणि किती वेळ? त्याचं उत्तर तुझ्याकडून चुकू नये एवढ्यासाठीच सगळ्या पद्धती, रंग आणि आकडे आहेत. आणि ते उत्तर एकदा देऊन भागत नाही. माझ्या मते या कामातला अवघड भाग हाच आहे, आणि शिकवताना नेमका तोच दोन ओळींत उरकतात. त्याकडे पुढे येते.

आधी अधिकाराचं बोलू. पेशंटला पहिली पातळी देण्याचा निर्णय तुझाच आहे. जगात जिथे जिथे पद्धतशीर ट्रायज चालतं तिथे बहुतेक ठिकाणी ते प्रशिक्षित नर्सच करते. ट्रायज हा शब्द फ्रेंच, निवड करणं या अर्थाचा. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने हुद्दा न बघता, जखम किती गंभीर आहे ते बघून आधी कुणावर उपचार करायचे ते ठरवायला सुरुवात केली. ती रीत आजही तशीच आहे. हुद्दा, ओळख, आवाज, कपडे, आधी कोण आलं, यातलं काहीही क्रम ठरवत नाही. एखाद्या डॉक्टरांनी "माझ्या ओळखीचे आहेत, आधी घे" म्हटलं तर नम्रपणे सांग, "सर, आत्ता त्यांच्या आधी दोघं जण आहेत, त्यांना श्वासाचा त्रास आहे." वाद घालू नकोस, फक्त कारण सांग. कारण ऐकल्यावर बहुतेक जण थांबतात.

आता बघायचं कसं ते. पेशंट दारातून टेबलापर्यंत येतो तेव्हाच निम्मं ट्रायज होतं. चालत आला की आणला? बोलतोय का? रंग कसा आहे, घामेजलाय का, पोट धरून वाकलाय का, श्वास घ्यायला दोन्ही हात टेकून पुढे झुकलाय का? लहान मुलांसाठी याच नजरेला तीन बाजूंचा त्रिकोण करून शिकवतात. मूल दिसतं कसं, श्वासाला किती कष्ट पडतात आणि कातडीचा रंग काय. हात न लावता, आईच्या कडेवर असतानाच हे सगळं दिसतं. आई म्हणाली की "हा आज नेहमीसारखा नाही," तर ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेते. इतक्या वर्षांत मी त्याला हलकं लेखायचं सोडून दिलंय.

मग प्रश्न. तुमच्याकडे पाच पातळ्यांची पद्धत आहे असं तू लिहिलंस, म्हणजे बहुधा ईएसआय (इमर्जन्सी सिव्हेरिटी इंडेक्स). अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड वुअर्झ आणि डेव्हिड आयटेल या दोन डॉक्टरांनी ती बांधली. तिच्यात चार पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानेच चढायच्या. पहिली पायरी म्हणजे आत्ता, या क्षणी जीव वाचवायला काही करावं लागणार आहे का? असेल तर पातळी १, आणि बोलणं तिथेच थांबतं. दुसरी पायरी, हा माणूस थांबला तर घात होऊ शकतो का, नव्याने गोंधळलेला किंवा गुंगीत आहे का, असह्य वेदना किंवा त्रास आहे का? असेल तर पातळी २. तिसऱ्या पायरीवर याला किती साधनं लागतील ते बघायचं. रक्ताच्या तपासण्या सगळ्या मिळून एक, एक्सरे एक, शिरेतून औषध एक, टाके एक. तोंडाने द्यायची गोळी किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन यात धरत नाहीत. काहीच लागणार नसेल तर पातळी ५, एक लागेल तर ४, दोन किंवा जास्त लागतील तर ३. आणि चौथी पायरी, पातळी ३ लिहिण्याआधी आकडे बघायचे. मोठ्या माणसाची नाडी १००च्या वर, श्वास मिनिटाला २०च्या वर किंवा सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९२च्या खाली असेल तर पातळी २ करायची का, याचा विचार करायचा.

इतर ठिकाणी रंग असतात. मँचेस्टर पद्धतीत लाल म्हणजे लगेच, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. ऑस्ट्रेलेशियन पद्धतीत लगेच, १०, ३०, ६०, १२० मिनिटं. तू उद्या दुसरीकडे नोकरीला गेलीस तर तक्ता बदलेल, बघण्याची नजर तीच राहील.

या हिशेबाने तुझे सहा जण लावू. दम्याचा मुलगा पहिला. तो खरंच शांत पडला असता तर पातळी १, सरळ आत ऑक्सिजनवर आणि डॉक्टरांना हाक. त्याच्यामागे अठरा दिवसांचं बाळ. अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर ते कितीही गोड झोपलेलं असो, पातळी २. इतक्या लहान बाळात रक्तातला जंतुसंसर्ग अनेकदा नुसत्या तापाने किंवा दूध न पिण्यानेच कळतो. 'छान झोपलंय' हे तिथे दिलासा देणारं वाक्य नाही. मधुमेही बाईसुद्धा पातळी २. तिला छातीत 'जळजळ' होतेय, घाम येतोय का, दम लागतोय का, हे विचार आणि दहा मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांच्या हातात दे. मधुमेहात, बायकांमध्ये आणि म्हातारपणी हृदयविकाराचा झटका दर वेळी नाटकातल्यासारखा छाती धरून येत नाही. कधी तो पित्त म्हणून येतो, थकवा म्हणून येतो, जबडा दुखतो म्हणून येतो. आजोबांची साखर, ईसीजी, बीपी लगेच. त्यावर २ की ३ ते ठरेल. रक्तबंबाळ तरुण त्यांच्यानंतर. टाळूची जखम भयंकर रक्त काढते, पण जो खणखणीत आवाजात शिव्या देतोय त्याचा श्वास, मेंदू आणि रक्तदाब आत्ता तरी चालू आहेत. त्याच्या मित्राच्या हातात जाड गॉज दे आणि सांग, "इथे दाबून धरा, सोडू नका." रक्तही थांबतं आणि टेबलावर आपटणाऱ्या हाताला कामही मिळतं. मात्र त्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का, बेशुद्ध पडला होता का, उलटी झाली का, हे विचारल्याशिवाय सोडायचं नाही. आणि तोच तरुण अर्ध्या तासाने गप्प झाला, झोपाळला, तर तो सगळ्यांच्या आधी. पाय मुरगळलेल्या मुलीला एक एक्सरे, म्हणजे पातळी ४. बर्फ, पाय उंच, वेदनेची गोळी, आणि "तुला वेळ लागेल, पण मी विसरलेले नाही" एवढं वाक्य.

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळे मी ट्रायज शिकले. माझं सातवं-आठवं वर्ष असेल. सत्तरीचे एक गृहस्थ आले, एकटेच. "दुपारपासून कंबर भरून आलीय, मध्येच अंधारी येते." नाडी ८४, बीपी ११२/७०, सॅच्युरेशन ९७. अदबीने बोलणारे, तक्रार नाही. मी पातळी ३ लिहिली आणि भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. गर्दी होती. चाळीसेक मिनिटांनी मी एक फाइल द्यायला उठले तेव्हा माझी नजर त्यांच्याकडे गेली. शर्टाची कॉलर घामाने काळपट झाली होती. चष्मा पायाशी पडला होता आणि त्यांनी तो उचलला नव्हता. चष्म्याशिवाय ज्याला दिसत नाही असा माणूस पडलेला चष्मा उचलत नाही, हे मला आजही आठवतं. बीपी ७८. पोटातल्या महारोहिणीला, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, आलेला फुगा फुटला होता. ऑपरेशनच्या टेबलावर ते गेले.

नंतर त्यांच्या पिशवीत गोळ्या सापडल्या. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू होती. ही गोळी नाडी वाढू देत नाही. शरीर रक्त हरवत असताना जी नाडी धावायला हवी होती ती गोळीने धरून ठेवली होती. जुन्या कागदांवर त्यांचं नेहमीचं बीपी १६०च्या आसपास. म्हणजे माझ्या डोळ्यांना छान दिसलेलं ११२ त्यांच्यासाठी खाली आलेलं होतं. आम्ही शॉक इंडेक्स बघतो, नाडीला वरच्या बीपीने भागायचं. साधारण ०.५ ते ०.७ असतो, ०.९च्या वर गेला की कान टवकारायचे. त्यांचा ०.७५ आला असता. गोळीमुळे तोही आकडा मला फसवून गेला असता. तेव्हापासून दोन प्रश्न मी कधीच गाळत नाही: "तुमचं बीपी एरवी किती असतं?" आणि "रोजच्या गोळ्या कोणत्या?" उतारवयात कंबर किंवा पोट दुखणं आणि अंधारी येणं एकत्र आलं की मी आकडे बघण्याआधी पातळी २ लिहिते.

पण मला सलते ती पातळी ३ नाही. त्या वेळी माझ्याकडे जे होतं त्यावर चांगली नर्सही कदाचित तेच लिहून बसली असती. मला सलतात ती चाळीस मिनिटं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि माझ्या डोक्यातून ते गेले, जणू माझं काम झालं. वेटिंगमध्ये बसलेला पेशंट कुणाचा असतो, सांग? आतल्या नर्सचा अजून झालेला नाही, डॉक्टरांनी बघितलेला नाही. तो तुझाच असतो. म्हणून मी 'दिलेली पातळी' या शब्दांपेक्षा 'शेवटची पाहिलेली पातळी' असं म्हणते. पातळी २चा पेशंट जागेअभावी बाहेर राहिलाच तर नजरेसमोर आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडे. पातळी ३ असेल तर अर्धा ते एक तास. आणि या वेळा पाळणं शक्य नसेल एवढी गर्दी असेल तेव्हा निदान दर पंधरा मिनिटांनी खुर्चीतून उठून एक फेरी मार. प्रत्येकाला नावाने हाक मार. जो वर बघून उत्तर देतो तो थांबू शकतो. ज्याला दोनदा हाक मारावी लागली त्याच्याकडे जा. पुन्हा बघितल्याची वेळ आणि आकडे लिही, पातळी बदलली तर खोडू नकोस, नवी ओळ लिही.

आकड्यांबद्दल आणखी थोडं, कारण मशीनवर विसंबणं फार वाढलंय. श्वासाची गती हा सगळ्यात आधी बिघडणारा आकडा आहे आणि सगळ्यात जास्त वेळा अंदाजाने लिहिला जाणाराही तोच. कागदावर ओळीने सगळ्यांचे १८ आणि २० दिसले की समजावं, कुणी मोजलेले नाहीत. मी नाडी बघतेय असं दाखवून पेशंटचं मनगट धरून ठेवते आणि नजर छातीवर ठेवून श्वास मोजते. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोज. दुसरं म्हणजे सॅच्युरेशन. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल तर आकडा खोटा येऊ शकतो. कातडी सावळी किंवा काळी असेल तर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२०च्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर सगळीकडे चर्चेत आलं. कोंडलेल्या धुरातून आणलेल्या माणसाचं सॅच्युरेशन ९९ दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवू नकोस. कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटलेला असतो आणि मशीनला तो ऑक्सिजनच वाटतो. तिसरी गोष्ट साखर. गुंगी, बडबड, फिट, एका बाजूचा लुळेपणा, 'दारू प्यायलाय' असं कुणी सांगितलेला, कुणीही असो, आधी बोटातून साखर. दारूचा वास येतो म्हणून बाजूला झोपवलेल्या माणसाची साखर कमी असू शकते, डोक्यात रक्तस्राव असू शकतो. पक्षाघाताच्या संशयात तर "शेवटचं नीट कधी पाहिलं?" ही वेळ घड्याळाप्रमाणे लिही. 'सकाळी' असं लिहू नकोस. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साधारण साडेचार तासांची आहे आणि ती त्या वेळेपासून मोजतात, दारात आल्यापासून नव्हे.

दोन पातळ्यांमध्ये अडकलीस तर वरची दे. गरजेपेक्षा वर ठेवलेल्या पेशंटमुळे एक खाट थोडा वेळ अडते. गरजेपेक्षा खाली ठेवलेला पेशंट वेटिंगमध्ये जातो. अपघातग्रस्तांच्या बाबतीत अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या संघटनेनेही हेच मान्य केलंय. धोक्यातला पेशंट खालच्या पातळीत राहण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत हवं, आणि त्यासाठी २५ ते ३५ टक्के पेशंट विनाकारण वर गेले तरी चालतील. मात्र सगळ्यांनाच पातळी २ देऊन मोकळं व्हायचं नाही. मग पातळी २ला काही अर्थच राहत नाही.

डॉक्टरांना बोलावताना कसं बोलायचं, हेही तू विचारलंयस. "सर, जरा बघता का, पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं तर कुणी येत नाही. चार वाक्यं बांध: कोण आहे आणि काय झालं, मागचं काय, मला काय दिसतंय, मला काय हवंय. "खाट तीनवर पासष्ट वर्षांच्या बाई, तासाभरापासून धाप. मधुमेह आणि जुना हृदयविकार. श्वास ३२, सॅच्युरेशन ८८, बोलताना दम लागतोय. मला तुम्ही आत्ता इथे हवे आहात." अमेरिकन नौदलातून रुग्णालयांत आलेली ही पद्धत आहे आणि ती थकलेल्या डोक्यालाही जमते. तरीही कुणी आलं नाही तर "मला काळजी वाटतेय" म्हण. तरीही नाही तर "हे पेशंटसाठी सुरक्षित नाही, मी वरिष्ठांना कळवते" म्हण आणि कळव. आवाज चढवायची गरज नाही. वेळ लिहून ठेव.

बाकीच्या भूमिका थोडक्यात. ट्रायजची नर्स सलाईन लावायला आत जात नाही. टेबल सोडायचं असेल तर दुसरी येऊन बसल्यावरच. गंभीर पेशंट आत आला की प्रत्येकाचं काम नावाने वाटलेलं हवं: श्वासमार्ग, छातीवर दाब, औषधं आणि लिहिणारी. लिहिणारीला लोक रिकामी समजतात, पण दोन मिनिटं झाली, दाब देणारा बदला, ॲड्रेनलिन देऊन चार मिनिटं झाली, हे मोठ्याने सांगणारी तीच असते. तोंडी सांगितलेलं औषध मोठ्याने परत म्हणून दाखवायचं आणि दिल्यावर "दिलं" म्हणायचं. भरलेली सिरिंज लेबलाशिवाय ट्रेमध्ये ठेवायची नाही, एक मिनिटासाठीही नाही. मुलांचं वजन किलोतच, आणि शक्यतो मोजूनच. पेशंट ओळखायचा तो नाव आणि जन्मतारखेने. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. वर मीच उदाहरणात 'खाट तीन' म्हटलं, पण ते डॉक्टरांनी कुठे यायचं यासाठी. इंजेक्शन देताना खाट तीनवरची बाई मघाशीच एक्सरेला गेलेली असू शकते.

आता तुझी स्वतःची सुरक्षितता. तू ती शेवटी, संकोचून विचारलीस. संकोच करू नकोस, तू मार खाऊन पडलीस तर वेटिंगकडे बघणारं कुणी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. हात उठण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या नर्स संशोधकांनी इमर्जन्सीतच निरीक्षण करून पाच खुणा मांडल्या: टक लावून बघणं, आवाजाचा चढा किंवा तुच्छ सूर, अस्वस्थपणा, पुटपुटणं आणि येरझाऱ्या. येरझाऱ्या सुरू झाल्या की मी वाट बघत नाही, मीच उठून जाते, पण हाताच्या अंतरापेक्षा लांब आणि थोडी तिरकी उभी राहते, दाराचा रस्ता माझ्या बाजूला ठेवून. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, वरच्या खिशात कात्री नाही. आणि खरं तेच सांगते: "तुमच्या वडिलांच्या आधी दोघं आहेत, त्यांचा श्वास अडकलाय. अजून अर्धा तास लागू शकतो. मी वीस मिनिटांनी येऊन पुन्हा बीपी बघणार आहे." आणि वीस मिनिटांनी जातेच. लोकांचा राग बहुतेक वेळा थांबण्याचा नसतो, आपल्याला कुणी विसरलंय या भीतीचा असतो. तरीही कुणी धमकी दिली, हात लावला, तर एकटीने निभावू नकोस. बटण दाब, सुरक्षारक्षक बोलाव, बाहेर पड, आणि नंतर लेखी तक्रार दे. 'इमर्जन्सीत हे चालायचंच' असं म्हणणाऱ्या वरिष्ठांचं ऐकून मी पहिली काही वर्षं गप्प बसले, ते चुकीचं होतं. आणि पेशंट स्वतःच आक्रमक असेल तर स्वतः सुरक्षित राहून आधी ऑक्सिजन, साखर, डोक्याला मार, तुंबलेली लघवी आणि वेदना यांचा विचार कर.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धू, पिळू नकोस, आणि त्याच क्षणी कळव. शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचून लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे. औषध काही तासांत सुरू करायचं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायचं. हेपटायटिस बी याहून कितीतरी सहज लागतो, लस न घेतलेल्यांना ३० टक्क्यांपर्यंत. म्हणून तिन्ही डोस घे आणि एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपास, १०च्या वर हव्यात. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, कितीही घाई असो. खोकला आणि ताप असलेल्याला दारातच मास्क दे आणि वेगळा बसव. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्स या श्वसनाच्या साथीच्या आजाराचा एक पेशंट गर्दीच्या इमर्जन्सीत राहिला आणि त्याच्याकडून ८० हून अधिक जणांना लागण झाली.

मोठा अपघात होऊन तीस-चाळीस जण एकदम आले तर हे सगळे नियम बाजूला पडतात. तेव्हा सगळ्यात आजारी माणूस पहिला नसतो, वाचवता येईल असा माणूस पहिला असतो. चालणारे वेगळे करायचे, उरलेल्यांचा श्वास, नाडी, सांगितलेलं समजतं का एवढंच बघायचं, एकावर मिनिटापेक्षा कमी. याचा सराव वेगळा घ्यावा लागतो, तुमच्याकडे होत नसेल तर मागून घे.

एक गोष्ट मात्र तू स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. त्या संध्याकाळी टेबलावर तू एकटी होतीस असं लिहिलंयस. अमेरिकेत लिंडा एकेन यांच्या २००२ सालच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वॉर्डांमध्ये एका नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने कायदा करून २००४पासून इमर्जन्सीत एका नर्समागे चारच पेशंट ठेवले. पाच मिनिटांत सहा नवे आले तर इन्चार्ज सिस्टरना "मला आत्ता दुसरी नर्स द्या" असं सांगणं हाच ट्रायजचा भाग आहे. त्या नाही म्हणाल्या तरी तू मागितल्याची वेळ लिहून ठेव.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी जा. सक्शन (घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र) चालू करून बोटावर ओढ लागते का बघ. ऑक्सिजनचा सिलेंडर उघडून काटा बघ. मोठ्यांचा आणि लहानांचा, दोन्ही बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायचे) आहेत का, मास्क बसतो का बघ. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख बघ. मग टेबलाची खुर्ची अशी लावून घे की मान न वळवता भिंतीकडची शेवटची खुर्चीसुद्धा दिसेल.